दत्तोबाचे डोहाळे

माझ्या हातून जे काही शिक्षण झाले त्याचे श्रेय प्रथम येसूमावशीला आहे, हे आरंभीच लिहून टाकतो. फी माफ करणारे हेडमास्तर, महाराजांच्या राज्यात आमच्यासारख्या कुणब्यांच्या पोरांसाठी उघडलेल्या वाटा, या सगळ्यांचा मी ऋणी आहे आणि त्यांच्याविषयी मागे लिहिलेही आहे. पण कोडोलीहून कोल्हापुरात गाठोडे घेऊन आलेल्या मुलाला शिकवण्याआधी कुणीतरी जेवू घालावे लागते. ते मावशीने केले. ती माझ्या आईची सख्खी बहीण नव्हती. दोघी एका गावच्या, लहानपणी एकत्र शेण गोळा करायला जाणाऱ्या, एवढेच नाते. तेवढ्यावर तिने मला मॅट्रिक होईपर्यंत आणि त्यानंतरही घरात ठेवले, आणि आपल्या मुलीच्या भाकरीइतकीच मोठी भाकरी माझ्या ताटात टाकली.

तिचे घर पागेच्या मागच्या गल्लीत होते. काका, म्हणजे मावशीचे यजमान, सरकारी पागेत घोड्यांची निगा राखत. पहाटे खरारा करण्याचा आवाज भिंतीपलीकडून येई आणि त्याने मला जाग येई. अजूनही कुणी घोंगडे झटकले तर शाळेला उशीर झाल्यासारखे वाटते. घराला भिजवलेल्या हरभऱ्याचा आणि चुलीत भाजलेल्या मिरचीचा मिळून एक वास होता. सकाळी भाकरी आणि खर्डा, थंडीत जवळच्या बावड्याच्या गुऱ्हाळावरून आलेली काकवी. मावशी जेवताना समोर बसे आणि हात जरा थांबला की विचारी, "का रं? पुस्तकानंच प्वाट भरलं व्हय?" माझ्या पहिल्या वर्षी तिची मुलगी बायजा घरीच होती, लग्न व्हायची. माझ्याहून थोडी मोठी. भाताच्या भांड्याची खरवड कुणी खायची यावरून आम्ही रोज भांडत असू आणि रोज तीच जिंकत असे.

दुपारी कामे उरकली की मावशीच्या सोप्यात बायका जमत. कारण देवधर्माचे नव्हते. त्या सगळ्या दत्तोबाच्या वेड्या होत्या. दत्तोबा हा एका संगीत नाटक कंपनीतला स्त्रीपार्टी नट. राजाने वनात सोडलेल्या गर्भार राणीची त्याची भूमिका फार गाजलेली होती. तिसऱ्या अंकात ती राणी झाडाखाली एकटी बसून आपले डोहाळे गाते, आणि ते पुरवायला जवळ कुणी नसते. त्या वेळी बायकांच्या जागेतून असे हुंदके येत की पेटीवाला सूर धरून थांबून राही. कंपनी कोल्हापुरात क्वचित येई. पण ती कुठे उतरली, दत्तोबाची प्रकृती कशी आहे, नवी साडी कोणत्या रंगाची घेतली, हे सगळे आमच्या गल्लीला ठाऊक असे. बांगड्या भरणारी खैरूनबी ही बातम्यांची मुख्य वाट. तिचे घरवाले कंपनीला बांगड्या पुरवत. दत्तोबाच्या मनगटाचे माप साऱ्या कोल्हापुरात एकट्या खैरूनबीला माहीत होते आणि ते ती कुणालाही सांगत नसे. दुसरी वाट गल्लीतल्या सोनारकाकूंची. त्यांचा भाऊ मिरजेला होता. तिसरा मी. पागेतल्या कारकुनाचे शिळे वर्तमानपत्र काका आणत आणि मी ते उंबऱ्यात बसून मोठ्याने वाचत असे. वाचता वाचता मीही दत्तोबाचा झालो. आता माझी नातवंडे सिनेमाच्या नटांची चित्रे कापून वहीत चिकटवतात आणि मी रागावेन या भीतीने लपवतात. मी रागावत नाही.

या मंडळात एक रीत पडली होती. एकदा दत्तोबा आजारी असून त्याला अन्नावर वासना नाही अशी बातमी आली, आणि प्रत्येकीने त्याला काय करून घातले पाहिजे ते सांगायला सुरुवात केली. तेव्हापासून बातमी आणणारीने तिच्याबरोबर आपल्या घरचा एक पदार्थ सांगायचाच, असे ठरून गेले. ताटे एकमेकींच्या घरी जात नसत, त्या काळी ते शक्य नव्हते. पण कृती सगळ्यांच्या चुलीपर्यंत पोचत.

"मिरजंत उतरलाय," खैरूनबी टोपली खाली ठेवत म्हणे. "पर आवाज बसलाय म्हणं, येसाक्का."

"बसंल न्हायतर काय! दूधभातावर गळा ऱ्हातो व्हय?"

"माझ्याकडं धाडा त्याला. सुकं बोंबील निखाऱ्यावर भाजायचं, लसूण-मिरची संगट कुटायचं, वरनं कच्चं तेल. खाल्लं की आवाज कुठंबी बसू दे, उठून पळत येतोय."

"शी, शी, खैरून!" सोनारकाकू पदर नाकाला लावत. "जेवणाच्या गोष्टी चालल्यात ना?" आणि मग थोड्या वेळाने, नजर दुसरीकडे ठेवून, "त्यात कोकम घालतेस का चिंच?"

बायजाचे लग्न होऊन ती गगनबावड्याला सासरी गेली. दिवस राहिल्याची बातमी आली तेव्हा मावशीने दत्तोबाच्या बातमीसारखी ती सोप्यात सांगितली आणि बायकांनी बायजासाठी पदार्थ सांगितले. त्या पावसाळ्यात एका गाडीवानाकडून बायजाचा निरोप आला: अंबाडीची भाजी आणि ज्वारीच्या कण्या, आईच्या हातच्या, खाव्याशा वाटतात. अंबाडी उकडली की तिचे आंबट पाणी आपण टाकून देतो. तिला ते पाण्यासकट हवे होते. मावशी हसली. "सातव्यात आणायचीच हाय की तिला. तवा करीन, खा म्हणावं किती खातीस ती." पुढे तिकडचा पाऊस असा लागला की गाड्या बंद झाल्या. पाऊस उघडायच्या आत दुसरा निरोप आला. बायजा तापाने गेली होती, पोटातल्या जिवासकट.

त्यानंतरचे घर मला आजही नीट सांगता येत नाही. डोहाळे पुरे न होता गर्भारपणी गेलेली बाई अळवंतीण होते आणि आपल्या माणसांच्या दाराशी घुटमळते, असे लोक मानत. सोनारकाकूंची सून तेव्हा गरोदर होती. काकू स्वतः येत राहिल्या, पण सुनेला आमच्या दारावरून जाऊ देईनात. मावशी रोज जेवणाआधी एक ताट मागच्या दारात ठेवू लागली. अंबाडी मात्र तिने पुन्हा चुलीवर चढवली नाही. भाजीवालीच्या पाटीत ती दिसली तरी आत निघून जाई. एकदा दिवेलागणीला मी शाळेतून परत आलो तेव्हा आत जात्याची घरघर ऐकू येत होती. पीठ दळताना येते तशी नव्हे, कण्या भरडताना येते तशी, थांबून थांबून, जाड. मी आत गेलो तर जाते कोपऱ्यात उभे करून ठेवलेले होते आणि मावशी तोंडावर हात धरून भिंतीला टेकली होती.

"तू बी ऐकलंस न्हवं?"

मी ऐकले होते. पुढे तर्कशास्त्राचे पुस्तक मी पाठ केले आणि त्यात चांगले गुणही मिळवले. त्या पुस्तकात या आवाजाला कुठे जागा सापडली नाही. पण म्हणून मी तो ऐकला नाही असे आज लिहिणार नाही.

मावशीचे जेवण तुटत गेले. भाकरी मोडायची, आमटीत बुडवायची आणि तशीच ठेवायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकू लागल्या. खैरूनबी त्या काढून लहान भरी. काका फार न बोलणारे. एकदा पागेच्या दारात त्यांनी मला थांबवले.

"शिदू, घोडं दाणा सोडतं तवा आमी काय ते समजतो," ते म्हणाले. "ही बी तसंच करतीया."

आणि अशा दिवसांत कंपनी कोल्हापुरात येणार अशी बातमी आली. सोप्यात नेहमीसारखा आनंद झाला नाही. खैरूनबीने बातमी सांगितली, पदार्थ सांगितला नाही. ती बराच वेळ टोपलीतल्या बांगड्या उगीच लावत राहिली आणि मग म्हणाली, "येसाक्का, एक बोलू? ती राणी बी पोटुशीच हाय की. तिला बी कुणी जेवू घालंना. तू घाल. बायजाच्या नावानं डोहाळजेवण कर तिचं."

"अगं पण तो पुरुष आहे!" सोनारकाकू म्हणाल्या.

"रंग लावून उभा ऱ्हायल्यावर तुमीच म्हणता न्हवं, काकू, अश्शी बाई आमच्यात न्हाय म्हणून?"

संध्याकाळी मावशीने मला बाजारातून अंबाडी आणायला सांगितली.

कंपनीचे बिऱ्हाड तळ्याच्या बाजूला एका मोठ्या घरात होते. तिघी नटून गेल्या: मावशीजवळ भाजीचे मडके, काकूंजवळ हिरवे खण-नारळ, खैरूनबीजवळ हिरवा चुडा. मी पुढे होऊन निरोप दिला. दत्तोबा बाहेर आला तो उघड्या अंगाने, खांद्यावर पंचा, हातात विडी, गालावर दोन दिवसांच्या दाढीचे खुंट. "या, या मावशी," म्हणून त्याने मोठ्या प्रेमाने हात जोडले. आणि इथे आमची सगळ्यांची चूक उघडी पडली. इतकी वर्षे आम्ही त्याची प्रकृती, त्याचा आवाज, त्याचे जेवण यांची काळजी वाहिली होती, आणि मनात मात्र प्रत्येक वेळी राणीच होती. मावशीने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिले.

"ह्यो न्हवं," ती म्हणाली. मडके पदराखाली घेतले आणि पाठ फिरवून चालू लागली.

काकू आणि खैरूनबी तिच्या मागे धावल्या. मी तिथेच राहिलो, कारण मावशी त्या मडक्यासह घरी परत गेली तर पुढे काय होणार ते मला दिसत होते. दत्तोबाने मला पायरीवर बसवून घेतले आणि काय प्रकार आहे ते विचारले. मी बायजा कशी गेली ते सांगितले, तिने अंबाडी मागितली होती हेही सांगितले. त्याने विडी विझवली.

"वेष केल्यावर आम्ही खात नाही रे," तो म्हणाला. "रंग बिघडतो. आणि आंबट तर मला वर्ज्य. कंपनीचे मालक दूध आणि मऊ भातावर ठेवतात." मग म्हणाला, "गावोगाव मी डोहाळे गातो. बायका रडतात. खरं सांगू? काही खावंसं वाटणं म्हणजे काय असतं ते मला कधी कळलंच नाही. भूक लागते, वाढतात, जेवतो. उद्या दुपारी रंगीत तालीम आहे, पोशाखासकट. मावशींना घेऊन ये."

दुसऱ्या दिवशी ताजी भाजी केली. थिएटरात सरस, रॉकेल आणि शिळ्या फुलांचा वास होता. मालक विंगेत हात-पाय आपटत होते: "आंबट? रात्री खेळ आहे आणि आंबट?" रंगवलेल्या वनाच्या पडद्यासमोर राणी बसली होती. पोट बांधलेले, हिरवी साडी, केस मोकळे. गाणे संपले आणि तिने विंगेकडे पाहिले. मावशी तिथे उभी होती. मी मडके धरायला पुढे झालो, तर तिने मला कोपराने बाजूला केले आणि सरळ चालत गेली. आधी कुंकू लावले. खण-नारळाने ओटी भरली. खैरूनबीने चुडा भरला, तिला माप विचारावे लागले नाही. मग मावशी खाली बसली, कण्यांवर भाजी घातली, कालवली आणि पहिला घास राणीच्या तोंडात दिला.

राणीने डोळे मिटून तो घास बराच वेळ तोंडात धरला. पेटीवालाही थांबला होता. मग ती हलक्या आवाजात म्हणाली, "पानी टाकलं न्हाईस न्हवं, आये?"

सोनारकाकूंनी माझे मनगट इतके घट्ट धरले की वळ उठला. दत्तोबा कधी आमच्या बोलीत बोलत नसे. बायजाने आंबट पाणी मागितले होते हे मी त्याला सांगितले नव्हते. भाजीच्या चवीवरून त्याला कळले असेल, नटाचा कान असतो, मावशीची बोली त्याने उचलली असेल. ही सगळी उत्तरे मला त्या वेळीही सुचली आणि गेली पन्नास वर्षे मी ती स्वतःला देत आलो आहे.

"न्हाय टाकलं, बाळा," मावशी म्हणाली. "खा." आणि राणीने ते सगळे खाल्ले.

त्या दिवशी घरी आल्यावर मावशीने भाकरी घेतली, चटणी घेतली आणि जेवायला बसली. काका उठून विहिरीकडे गेले आणि बराच वेळ तोंड धूत राहिले. जाते पुन्हा आपले आपण वाजले नाही. मागच्या दारातले ताट बंद झाले. थोड्या दिवसांनी काकूंची सून बाळंतपणाला माहेरी जाताना मावशीच्या पाया पडून गेली.

गोष्ट इथे संपली असती तर मी तिला सुखाची म्हटली असती. पण बातम्या येतच होत्या. कंपनी हुबळीला गेली आणि खैरूनबीने सांगितले की दत्तोबा आचाऱ्याकडे रोज अंबाडी मागतो. सोलापूरहून तेच. वर्तमानपत्रात आले की डोहाळ्यांच्या गाण्याला आता पूर्वी नव्हती अशी काही धार आली आहे, ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. आणि पुढच्या खेपेला आले की वरचे सूर लागत नाहीत. मी वाचून थांबलो. तेव्हा सोनारकाकू म्हणाल्या, "येसूबाई, तुमची बायजा त्याच्याबरोबर गेली हो."

मला वाटले आता मावशी पुन्हा खचणार. तिने सुपातला खडा वेचून बाहेर टाकला.

"जाऊ दे की. गगनबावड्याच्या पल्याड काय बघितलंवतं तिनं? आता रोज नवं गाव, दिवं, गानं. हिंडू दे." आणि मग माझ्याकडे वळून, "वाच रं पुढं. काय खाल्लं त्यानं?"

त्यानंतर दत्तोबाची प्रत्येक बातमी ही तिच्या लेकीची खुशाली झाली. कंपनीचा मुक्काम हलला की तिला बरे वाटे, अंबाडी मिळाली असे कळले की ती चारचौघींत हसे. एका आईचे जेवण परत आले, आणि एका गाणाऱ्या माणसाच्या गळ्यात आम्ही काय ठेवून आलो, हा विचार मला एकट्यालाच छळत असे.

बी.ए.साठी मी पुण्याला गेलो. कोडोलीच्या आमच्या घरात त्याआधी कुणी सही करायलाही शिकले नव्हते. दर महिन्याला मी मावशीला पत्र लिहीत असे. काकूंचा मुलगा ते सोप्यात वाचून दाखवी. परीक्षेचा निकाल लागला त्याच आठवड्यात कंपनी पुण्यात होती आणि दत्तोबा तापाने अंथरुणाला खिळला होता. मी भेटायला निघालो ते दोन दिवस उशिरा. त्यानंतर मावशीला जे पत्र पाठवले ते तिने जपून ठेवले होते, आणि तिच्यामागे काकांनी मला परत दिले. ते पुस्तकी भाषेत लिहिणे मला शक्य झाले नव्हते. इथे तसेच उतरवतो.

*

ती. येसूमावशीला दंडवत.

मावशी, मी बी.ए. पास झालो. हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकल्यावर हे ऐकायचं राहून जाईल. काकास्नी सांग. कोडोलीला येगळं लिवलंय.

आता बातमी. दत्तोबा गेला. ताप आलता. मी बिऱ्हाडात जाऊन आलो, पर उशीर झालता. रडू नगंस, आधी सगळं ऐक. आचारी म्हणाला, शेवटाला सारखी अंबाडी मागत हुता. बाजारात न्हवती, म्हणून चिंचेचं सार करून दिलं. त्यानं वाटी बाजूला सारली. म्हंजी ती बी उपाशीच गेली, दुसऱ्यांदा.

माझ्यानं खोलीत बसवंना. गावाभाईर माळ्याच्या मळ्यात हिंडून हिंडून अंबाडी मिळवली. बातमीसंगं पदार्थ सांगायचा असतो, तवा सांगतो. पाला निवडला, उकडला, पानी टाकलं न्हाय. कण्या घरमालकिणीच्या जात्यावर मीच भरडल्या, ती हसत हुती. लसूण जरा करपला. मीठ किती ते कळंना, तुझी आठवण काढून टाकलं.

दोन पाट मांडले. दोन ताटं वाढली. "बायजाक्का, जेव," म्हणालो आणि वाट बघितली. मग माझं ताट खाल्लं, आणि तिचं बी मीच खाल्लं, सगळं, शेवटच्या घोटापतोर.

तवा आता कंपनीच्या बातम्यांत तिला शोधू नगंस. ती तिथं न्हाय, वाटंवर बी न्हाय. माझ्याकडं हाय. कालधरनं मला दुसरं कायबी खाऊ वाटंना. काकूस्नी म्हणावं, भिऊ नगा. माझा गळा काय गाण्याचा न्हाय, बिघडला तर बिघडला.

येत्या आठवड्यात गाडीत बसतो. टेशनावर काकास्नी धाडू नगंस. आमा दोघांस्नी बी घरची वाट म्हाईत हाय.

तुझा
शिदू